काचेखाली १६ तास

पीटर गॅब्रिएल या इंग्रज रॉक गायकाचं 'स्लेजहॅमर' हे गाणं १९८६ च्या एप्रिलमध्ये सिंगल म्हणून बाजारात आलं. पुढच्या वर्षी त्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचे ९ पुरस्कार मिळाले. एकाच व्हिडिओला इतके पुरस्कार त्याआधी मिळाले नव्हते आणि त्यानंतरही कोणाला मिळालेले नाहीत. आज तो यूट्यूबवर लावला तर पाच-सव्वापाच मिनिटांत गायकाच्या डोक्याभोवती आगगाडी फिरते, चेहऱ्यावरून ढग सरकतात, फळांचा माणूस होतो, मातीचा माणूस होतो, मुंडी नसलेल्या दोन सोललेल्या कोंबड्या नाच करतात आणि शेवटी सगळी खोलीच गरगर फिरायला लागते. यातलं काहीही कॉम्प्युटरवर केलेलं नाही. गायक काचेखाली १६ तास झोपून राहिला आणि बाकीच्यांनी एकेक फ्रेम टिपली, असं एका वाक्यात सांगून मोकळं होता येतं. पण एवढ्याने समाधान होत नाही. इतका खटाटोप करायला पैसे कोणी दिले आणि का? हलत नसलेल्या माणसाचे ओठ गाण्याच्या शब्दांवर बरोबर कसे हलले? आणि अशा क्लृप्त्या इतरांनीही केल्या असताना हाच व्हिडिओ का टिकला?

आधी सिंगल म्हणजे काय ते पाहू, कारण ही वस्तूच आता दिसेनाशी झाली आहे. सिंगल म्हणजे सात इंच व्यासाची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी. एका बाजूला जे खपवायचं ते गाणं आणि उलट बाजूला दुसरं काहीतरी. 'स्लेजहॅमर'च्या पाठीला 'डोन्ट ब्रेक धिस ऱ्हिदम' नावाचं गाणं होतं, जे आज गॅब्रिएलच्या चाहत्यांखेरीज फारसं कोणाला आठवत नाही. ४५ फेऱ्यांची ही तबकडी अमेरिकेत १९४९ मध्ये आली. त्याआधी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचं राज्य होतं आणि त्यांच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. आपली जुनी भावगीतं साधारण तेवढ्याच लांबीची का, याचं कारणही तेच आहे. कवीने कडवी कितीही लिहिली तरी तबकडी संपली की गाणं संपलं.

पाश्चात्त्य रॉकमध्ये मोठ्या तबकडीवरचा आख्खा अल्बम हा खरा माल, आणि सिंगल हा त्याचा नमुना. अल्बम बाजारात येण्याच्या थोडं आधी त्यातलं सगळ्यात चटकन कानात बसणारं गाणं सिंगल म्हणून काढायचं, रेडिओवर वाजवून घ्यायचं, लोकांनी ते विकत घेतलं की त्याचा क्रमांक लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चढतो, क्रमांक चढला की रेडिओवाले आणखी वाजवतात, आणि या चक्रातून अल्बम खपतो. इंग्लंडची यादी तेव्हा दुकानातल्या विक्रीवर ठरायची. अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड'च्या यादीत विक्रीबरोबर रेडिओवर किती वाजलं हेही धरलं जायचं. 'स्लेजहॅमर' ज्या अल्बमसाठी काढलं त्याचं नाव 'सो', आणि तो १९ मे १९८६ ला आला.

म्हणजे सिंगल ही अल्बमची जाहिरात, आणि व्हिडिओ ही त्या सिंगलची जाहिरात. जाहिरातीची जाहिरात. हे बोलायला रुक्ष वाटतं, पण हे ध्यानात घेतल्याशिवाय ऐंशीच्या दशकातल्या व्हिडिओंवर पैशांचा पाऊस का पडला ते कळत नाही. अमेरिकेत एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झाली. चोवीस तास गाणी दाखवायची आणि ती गाणी रेकॉर्ड कंपन्यांनी स्वतःच्या खर्चाने करून द्यायची, असा तो धंदा. चॅनेलला माल फुकट आणि कंपनीला जाहिरातीची जागा फुकट. पैसे कोणाचे जात? वरकरणी कंपनीचे, पण बऱ्याच करारांत व्हिडिओच्या खर्चाचा काही भाग, बहुधा निम्मा, कलाकाराच्या रॉयल्टीतून वळता करून घेतला जाई. गाणं आपटलं तर गायकाच्या नावावर उधारी उरायची. त्यामुळे बहुतेकांनी सुरक्षित वाट धरली: धूर सोडा, मागे पंखा लावा, केस उडवा, एखादी मुलगी मोटारीच्या बॉनेटवर बसवा. या पठडीतले शेकडो व्हिडिओ झाले आणि आज ते एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत.

गॅब्रिएल तेव्हा ३६ वर्षांचा होता आणि त्याला पैशांचे चटके बसून झाले होते. शाळेतल्या मित्रांबरोबर १९६७ मध्ये उभ्या केलेल्या 'जेनेसिस' या बँडचा तो गायक. मंचावर कधी फुलाच्या पाकळ्या डोक्याभोवती लावून, कधी लाल झगा आणि कोल्ह्याचं मुंडकं घालून तो उभा राहायचा. बाकीचे आपापल्या वाद्यावर मान खाली घालून बसलेले. १९७५ मध्ये त्याने बँड सोडला. मग एकट्याने चार अल्बम काढले आणि चारही अल्बमांना एकच नाव दिलं: 'पीटर गॅब्रिएल'. मासिकाचे अंक निघतात तसे ते समजावेत, अशी त्याची कल्पना होती. चौथ्याच्या वेळी अमेरिकी कंपनी वैतागली आणि तिने स्वतःच एक नाव चिकटवलं. १९८२ मध्ये त्याने जगभरच्या संगीताचा 'वोमॅड' हा महोत्सव इंग्लंडमधल्या शेप्टन मॅलेट इथे भरवला आणि त्यात तो व त्याचे साथीदार जबर कर्जात बुडाले. त्या वेळी ज्या बँडला सोडून तो गेला होता त्याच 'जेनेसिस'ने मिल्टन कीन्स इथे त्याच्यासाठी एक कार्यक्रम करून घेणेकऱ्यांची सोय लावली. मोठेपणाची गोष्ट आहे ती. पुढे हेच जुने दोस्त यादीत त्याच्या समोर कसे उभे राहिले ते पुढे येईलच.

सांगायचा मुद्दा असा की हा माणूस स्वतःचा चेहरा ही एक वस्तू आहे, तिला रंगवता येतं, झाकता येतं, हास्यास्पद करता येतं, असं आधीपासून मानणारा होता. बहुतेक रॉक गायकांना व्हिडिओत देखणं दिसायचं असतं. ते सोडून द्यायला तयार असलेला माणूस मिळाला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आता गाण्याकडे येऊ. त्याच्या मुळाशी रॉकपेक्षा अमेरिकेतलं सोल संगीत जास्त आहे. गॅब्रिएलने १९६६ मध्ये, शाळकरी वयात, लंडनच्या ब्रिक्स्टनमधल्या एका क्लबात ओटिस रेडिंग या सोल गायकाला प्रत्यक्ष ऐकलं होतं, आणि 'स्लेजहॅमर' ही त्या संगीताला वाहिलेली सलामी आहे. नुसती नक्कल करण्याऐवजी त्याने थेट मेम्फिसच्या वेन जॅक्सनला बोलावलं, जो खुद्द रेडिंगसाठी ट्रम्पेट वाजवायचा. त्यामुळे गाण्यातली पितळी वाद्यांची ठोस फुंकर अस्सल लागते. पण सुरुवातीला ऐकू येतं ते भलतंच: जपानच्या शाकुहाची या बांबूच्या बासरीचा, श्वास मिसळलेला स्वर. तिथे कोणी बासरीवादक नाही. 'इम्युलेटर' नावाच्या कीबोर्डमध्ये ध्वनिमुद्रित करून ठेवलेला तो स्वर आहे आणि बोट दाबून वाजवलेला आहे. टोनी लेव्हिनने बास गिटार पडदे नसलेली घेतली, म्हणजे स्वर एकातून दुसऱ्यात घसरत जाऊ शकतो, आणि ती पिकने, म्हणजे छोट्या पातीने, वाजवून शिवाय खालच्या सप्तकाचा स्वर जोडणारं यंत्र लावलं. गाण्याला तो जो जाड, जरा चिकट तळ आहे तो यातून आला. ड्रमवर फ्रान्सचा मनू कात्शे, निर्माता कॅनडाचा दानिएल लान्वा, आणि मुद्रणाचं बरंचसं काम बाथ शहराजवळच्या अ‍ॅशकोम हाउस या घरात, एका गोठ्याचा स्टुडिओ करून झालं.

शब्दांबद्दल फार लाजायचं कारण नाही. जुन्या ब्लूज गाण्यांत जी उघड-उघड शृंगारिक द्व्यर्थी भाषा असते तीच इथे आहे. तुला आगगाडी हवी तर रूळ टाक, विमान हवं तर आकाश मोकळं कर, जत्रेतल्या टकराटकरीच्या मोटारी, रोलर कोस्टर, फळं, मधमाशी आणि अर्थातच घण, म्हणजे स्लेजहॅमर. प्रत्येक ओळीत एक वस्तू. व्हिडिओची सगळी कल्पना या एका गोष्टीवर उभी आहे: शब्दांत जी वस्तू आली ती शब्दशः डोळ्यांसमोर आणायची. आगगाडी म्हटलं की आगगाडी, आकाश म्हटलं की निळं आकाश, आणि तेही गायकाच्या तोंडावरच. एरवी असं शब्दाला चित्र जोडणं फार बाळबोध वाटतं. इथे ते वेगाने आणि इतक्या निर्लज्ज आनंदाने केलंय की बाळबोधपणा हाच विनोद होऊन जातो. पहिलंच दृश्य सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या शुक्रजंतूंचं आहे, म्हणजे गाणं कशाबद्दल आहे याची शंकाही ठेवलेली नाही.

दिग्दर्शक होता स्टीफन जॉन्सन हा अमेरिकन. त्याने आदल्या वर्षी 'टॉकिंग हेड्स' या बँडच्या एका व्हिडिओत अशी तंत्रं वापरली होती, आणि ते पाहून 'व्हर्जिन' या रेकॉर्ड कंपनीच्या टेसा वॉट्स यांनी त्याचं नाव गॅब्रिएलला सुचवलं. अ‍ॅनिमेशनसाठी दोन जागी धरलं: एक म्हणजे ब्रिस्टलचा आर्डमन स्टुडिओ, पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन यांनी १९७२ मध्ये काढलेला, मातीच्या बाहुल्यांचं काम करणारा, आणि दुसरे लंडनमध्ये राहणारे क्वे बंधू, हे जुळे अमेरिकन भाऊ, ज्यांच्या बाहुल्या गंजलेल्या स्क्रूंच्या नि धुळीच्या जगात राहतात. एक घर हसवणारं, दुसरं अंगावर काटा आणणारं. व्हिडिओत दोन्ही चवी लागतात. आर्डमनमध्ये तेव्हा नुकताच रुजू झालेला एक पोरगेला अ‍ॅनिमेटर होता, निक पार्क. कोंबड्यांचा नाच त्याच्या हातचा.

आता मूळ तंत्र. सिनेमात हालचाल नसतेच. एका सेकंदात २४ स्थिर चित्रं, ब्रिटिश टीव्हीवर २५, एकामागून एक दाखवली की डोळा फसतो. वहीच्या कोपऱ्यावर चित्रं काढून पानं फरफर सोडली की माणूस पळतो, तेच हे. नेहमीच्या चित्रणात कॅमेरा ती चित्रं आपोआप, सलग घेतो. स्टॉप-मोशनमध्ये कॅमेरा एक चित्र घेऊन थांबतो, मधल्या वेळात कोणीतरी वस्तू किंचित सरकवतं आणि बाजूला होतं, मग दुसरं चित्र. पाच मिनिटांचं गाणं पूर्ण अशा रीतीने करायचं तर २५ च्या हिशोबाने ७,५०० चित्रं लागतील. हात आखडता घ्यायचा असेल तर प्रत्येक मांडणीची दोन-दोन चित्रं घेतात, म्हणजे मांडण्या निम्म्यावर येतात; हालचाल मात्र जरा खडबडीत होते.

हे तंत्र परकं म्हणून बिचकायचं कारण नाही. १९१२ च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून कॅमेरा आणल्यावर सगळ्यात आधी काय केलं असेल, तर कुंडीत वाटाणा लावून त्याच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडी थोडी चित्रं घेतली. पडद्यावर मिनिटभरात रोप उगवून वर येताना दिसलं. ते त्यांनी कशासाठी केलं? पैसे लावणाऱ्याला पटवण्यासाठी. पुढे १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाची पट्टी केली, ज्यात काड्यापेटीतल्या काड्या आपल्या आपण हलून आकार घेतात. म्हणजे एकेक फ्रेम घेऊन निर्जीव वस्तू नाचवणं आणि त्यातून मुख्य मालासाठी पैसा उभा करणं, दोन्ही आपल्याकडे जुनंच आहे.

'स्लेजहॅमर'मधली अडचण अशी की इथे बाहुली जिवंत होती. माणसालाच बाहुलीसारखं एकेक फ्रेम टिपायचं, याला अ‍ॅनिमेशनवाले पिक्सिलेशन म्हणतात. कॅनडातल्या नॅशनल फिल्म बोर्डात नॉर्मन मॅक्लॅरनने १९५२ मध्ये दोन शेजाऱ्यांच्या भांडणाची आठ मिनिटांची फिल्म या पद्धतीने करून ऑस्कर मिळवलं होतं. मातीची बाहुली ठेवली तिथे राहते. माणूस श्वास घेतो, डोळे मिटतो, त्याची मान अवघडते, त्याला घाम येतो. एका फ्रेमला चुकून पापणी मिटली की पडद्यावर सेकंदाचा पंचविसावा भाग चेहरा दचकल्यासारखा होतो. दाढीसुद्धा वाढते, सकाळी घेतलेलं चित्र आणि रात्री घेतलेलं चित्र पडद्यावर शेजारी-शेजारी येणार असतं.

काचेचं काम इथे येतं. माणूस उभा असेल तर त्याच्या डोक्याभोवती आगगाडी हवेत कशी धरणार? दोऱ्या बांधल्या तर दिसतात. म्हणून गॅब्रिएलला आडवं झोपवलं, त्याच्यावर मोठी काच आणली आणि कॅमेरा वरून खाली रोखला. आता काचेवर ठेवलेली कोणतीही वस्तू हवेत तरंगते आहे असंच दिसणार. खेळण्यातली गाडी, रूळ, विमानं, फळं, मासे, सगळं काचेवर मांडायचं, चित्र घ्यायचं, बोटभर सरकवायचं, पुन्हा चित्र. गुरुत्वाकर्षणाशी झगडण्याऐवजी त्यालाच कामाला लावलं. मला या व्हिडिओतली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते, आणि ती पडद्यावर कुठे दिसतच नाही. गॅब्रिएल तिथे १६ तास होता. वर दिवे तापलेले, आणि फळं-मासे त्या उष्णतेत ताजे राहत नाहीत, एवढं सांगितलं की वासाची कल्पना येईल.

चेहऱ्यावरचं आकाश तर थेट कातडीवर रंगवलेलं आहे. निळा रंग, त्यावर पांढरे ढग. ढग सरकायचे तर प्रत्येक मांडणीला ढगाची एक कड पुसायची, दुसरी वाढवायची, आणि हे सगळं डोळ्या-नाकाच्या उंचसखल भागावर, खालचा माणूस न हलता. चित्रकाराचा हात एका वेळी जरी जड पडला तरी ढग उडी मारतो. पाहताना लक्षात येईल की ढग खरंच थोडे थरथरतात. ती थरथर काढून टाकता आली असती तर मला वाटतं व्हिडिओ निम्मा मेला असता, कारण त्या थरथरीतच हात लागल्याची खूण आहे.

आता ओठ. काम सुरू करण्याआधी गाण्याचा आवाज कडेला भोकं असलेल्या चुंबकीय पट्टीवर उतरवतात. त्या पट्टीची एकेक फ्रेम म्हणजे चित्राचीही एकेक फ्रेम. पट्टी वाचकयंत्रावरून हळूहळू ओढत, कान देऊन, कुठल्या फ्रेमवर ओठ मिटणारा 'म' किंवा 'प' आहे, कुठे तोंड गोल होतं, कुठे उघडं राहतं, ते एका लांबलचक तक्त्यात लिहून काढतात. एखादा शब्द गायला पाऊण सेकंद लागत असेल तर त्याचे अठरा-एकोणीस चौकोन भरले जाणार. चित्रणाच्या वेळी तक्ता हातात असलेला माणूस गायकाला सांगतो: आता 'अ', थोडं कमी उघड, आता 'म', मिट. गायक गात नाही. तो एकेक तोंड करून थांबतो. कित्येक मिनिटांनी पुढचं तोंड. शब्दाच्या सुरुवातीचा ओठ आणि शेवटचा ओठ यांच्यात जेवणाची सुट्टीही होऊन गेलेली असू शकते. आणि फिल्म धुऊन येईपर्यंत हे जमलं की नाही ते कोणालाच नक्की माहीत नसतं. आर्डमनकडे हे काम जाण्याचं एक कारण हेच असावं: लोकांची खरी संभाषणं मुद्रित करून ती मातीच्या बाहुल्यांच्या तोंडी बसवायचं काम त्यांनी टीव्हीसाठी आधीच केलं होतं. ओठांचा हिशोब त्यांच्या बोटांत होता.

पुढे गायकाची जागा त्याच्या प्रतिकृती घेतात. फळांचा चेहरा येतो, बर्फाचा येतो, मातीचा येतो. मातीच्या डोक्याला घण लागतात, ते चेपतं, फुटतं, पुन्हा जुळतं. जिवंत माणसाकडून हे करून घेता येणार नव्हतं, म्हणून माती. पण आधीची दोन-अडीच मिनिटं खरा चेहराच बाहुलीसारखा हलताना पाहिल्यावर मातीचा चेहरा आला तरी डोळा ठेचकाळत नाही. दोघंही तितकेच अर्धवट जिवंत वाटतात. हा क्रम उलटा असता, आधी माती आणि मग माणूस, तर सांधा उघडा पडला असता. कोंबड्यांबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही, त्या पाहायच्याच. खाटकाकडे टांगलेल्या दिसतात तशा, पिसं काढलेल्या, मुंडी नसलेल्या, आणि पितळी वाद्यांच्या ठेक्यावर पाय टाकणाऱ्या. शाकाहारी वाचकांनी ते दहा-वीस सेकंद डोळे मिटले तरी चालेल.

शेवटच्या भागात काच नाही. दिवाणखाना आहे, माणसांचा घोळका आहे, खुर्च्या-टेबलं आहेत, आणि सगळे मिळून फ्रेमागणिक पाऊल टाकत गायकाभोवती फिरतात. एका माणसाला स्थिर ठेवणं कठीण, इथे तर डझनभरांना एकाच वेळी थांबायचं, सरकायचं, थांबायचं. मला हा भाग पूर्वीच्या मानाने सैल वाटतो. कल्पनांची गर्दी कमी होते आणि गंमत नुसत्या गोंधळावर येते. पण मग गॅब्रिएल अंगभर बारीक दिवे लावलेल्या काळ्या पोशाखात ताऱ्यांचा माणूस होऊन दारातून बाहेर पडतो, आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीपासून सुरू झालेला व्हिडिओ आकाशापर्यंत पोहोचतो.

हे सगळं हाताने का केलं, तेव्हा कॉम्प्युटर नव्हते का, असा प्रश्न येतो. होते. किंबहुना १९८६ चा एमटीव्हीचा सर्वोत्तम व्हिडिओचा मान 'डायर स्ट्रेट्स' या बँडच्या 'मनी फॉर नथिंग'ला मिळाला होता, ज्यात कॉम्प्युटरवर बनवलेली ठोकळ्यांची माणसं फ्रीज आणि टीव्ही हलवताना दिसतात. त्या वेळी ती अचाट वाटली. आज पाहिली तर पहिल्यांदा मनात येतं ते १९८५ साल. यंत्राने काढलेलं चित्र त्या वर्षीच्या यंत्राची कुवत सांगतं, आणि यंत्राची कुवत दर वर्षी बदलते. सफरचंद, बर्फ, माती आणि माणसाचं कातडं १९८६ मध्ये जसं होतं तसंच आजही आहे. 'स्लेजहॅमर' टिकण्याचं माझ्या मते निम्मं कारण इतकं साधं आहे. उरलेलं निम्मं म्हणजे खुद्द गायक त्यात बाहुली होऊन बसला. त्याच्या जागी दुसरं कोणी चाललं असतं, पण मग ती फक्त कारागिरी राहिली असती. ज्याचा चेहरा विकायचा आहे त्यानेच तो रंगवून, सडक्या फळांखाली ठेवून, घणाने फोडून दाखवला, आणि त्यामुळेच तो चेहरा लोकांच्या डोक्यात बसला.

जाहिरात म्हणून निकाल काय लागला, तेही सांगायला हवं. इंग्लंडमध्ये गाणं चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. अमेरिकेत २६ जुलै १९८६ च्या यादीत ते पहिलं आलं. त्याने खाली ढकललेलं, त्याआधी पहिल्या जागी असलेलं गाणं होतं 'इन्व्हिजिबल टच', आणि ते होतं 'जेनेसिस'चं. चार वर्षांपूर्वी ज्यांनी कर्ज फेडायला मदत केली त्यांनाच. अमेरिकेत गॅब्रिएलला पहिला क्रमांक मिळवून देणारं हे एकमेव गाणं. पुढच्या वर्षी एमटीव्हीच्या पुरस्कारांतही सर्वोत्तम व्हिडिओच्या नामांकनांत 'जेनेसिस' समोर होतंच, 'लँड ऑफ कन्फ्यूजन' घेऊन, ज्यात रेगन यांच्यासह अनेक पुढाऱ्यांच्या रबरी बाहुल्या आहेत. एकाच शाळेतून निघालेले दोन पक्ष, दोघांकडेही बाहुल्या, आणि जिंकला तो स्वतः बाहुली झालेला.

आर्डमनचं पुढचं जगाला माहीत आहे. निक पार्कने १९८९ मध्ये प्राण्यांच्या मुलाखतींची 'क्रीचर कम्फर्ट्स' ही छोटी फिल्म केली आणि त्याला ऑस्कर मिळालं. त्यानंतर वॉलेस आणि त्याचा कुत्रा ग्रोमिट ही त्याची मातीची पात्रं घराघरांत पोहोचली. कोंबड्यांनीही त्याला सोडलं नाही, २००० मध्ये त्याने पीटर लॉर्डबरोबर कोंबड्यांवरच पूर्ण लांबीचा चित्रपट केला. आपल्याकडे हे सगळं उशिरा पोहोचलं. १९९१ नंतर गल्लीतल्या केबलवाल्याने छतावर डिश बसवली आणि स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही घरात आली, तेव्हा हा व्हिडिओ आधीच काही वर्षांचा झाला होता.

त्याच 'सो' अल्बममधल्या 'डोन्ट गिव्ह अप' या गाण्याचा व्हिडिओही शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. नोकरी गेलेला माणूस आणि त्याला धीर देणारी बाई असं ते गाणं, बाईचा आवाज केट बुश या इंग्रज गायिकेचा. गॉडली आणि क्रीम या जोडीने त्यात काय केलं, तर गॅब्रिएल आणि बुश यांना एकमेकांना मिठी मारून उभं केलं आणि गाणं संपेपर्यंत ती मिठी दाखवली. मागे सूर्याला ग्रहण लागतं आणि सुटतं, एवढीच घडामोड. एकाच अल्बमसाठी, एकाच माणसाने, एकदा शरीराचा प्रत्येक कण हलवू दिला आणि एकदा काहीच हलू दिलं नाही. व्हिडिओ म्हणजे गाण्यावर काहीतरी धावपळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे दोन पाठोपाठ पाहावेत.

'स्लेजहॅमर' मात्र एकदा पूर्ण वेगात पाहून झाल्यावर दुसऱ्यांदा यूट्यूबच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग पाव करा आणि आवाज बंद ठेवा. आगगाडी फिरते तिथे गाडीकडे नका पाहू, गॅब्रिएलच्या केसांकडे पाहा; फ्रेमागणिक ते इकडचे तिकडे होत असतात, कारण मध्ये कोणाचा तरी हात येऊन गेलेला असतो. ढगांच्या वेळी डोळ्याच्या कोपऱ्यात बघा, तिथे रंग नीट पोहोचलेला नाही.